तुझ्या पुड्यांतला खडू

प्रिय मोठी माय,

तुला जाऊन आठ महिने झाले. इतक्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे. माझ्याकडे खात्रीचं काही नव्हतं, आणि खात्री नसलेली गोष्ट मी कागदावर उतरवत नाही, हे तुला ठाऊक आहे.

या सोमवारी प्रेसमध्ये एक पान जुळवायला आलं. आपल्या चौकातल्या डॉक्टरसाहेबांनी उतारवयातल्या हाडांवर एक पुस्तिका लिहिली आहे, दवाखान्यात फुकट वाटायला. तिच्या सहाव्या पानावर आहे की वय होत जातं तसं हाडांतलं कॅल्शियम कमी होतं, बायकांचं तर जास्तच. ते भरून यावं म्हणून दूध, तीळ, हिरवी भाजी, काट्यासकट खायची बारीक मासोळी सांगतात. आणि तेवढ्यानं भागत नसेल तर शुद्ध केलेल्या खडूची पूड औषध म्हणून देतात.

खडूची पूड, मोठी माय. ती ओळ मी अक्षरांचा एकेक खिळा उचलून जुळवली. 'खडू' हा शब्द पुरा झाला आणि माझा हात तिथेच राहिला.

तुझ्या पुड्या खडूच्या आहेत म्हणून मीच बंद केल्या होत्या ना? मग तुझं हाड माझ्यामुळे मोडलं का? आठवडाभर मी एवढी एकच गोष्ट शोधत होतो. जे हाती लागलं ते तुला सांगतो. क्रमानं सांगतो, नाहीतर माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

सुरुवात फळीपासून झाली, आठवतं? प्रेसमध्ये लागलो त्या वर्षी मी चुलीजवळच्या भिंतीला फळी ठोकली होती, तुझा हात सहज पोचेल अशी. जमिनीपासूनचं माप फळीमागे पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. काही वर्षांनी एक दिवस तू म्हणालीस, "फळी वर गेली काय गा? तंबाखूची डबी हाती येऊन नाई राहिली."

दुसरा कोणी असता तर हसला असता. मला वाटलं, माझ्यामागे कोणीतरी फळी उचलून ठोकली. मी माप घेतलं. पेन्सिलीचं माप आणि आताचं माप एकच. मग मला टेपचा संशय आला, म्हणून प्रेसमधली लोखंडी पट्टी आणली. तरी तेच. मग जमिनीवर शंका घेतली. पण सारवून सारवून जमीन वर येते, खाली जात नाही. तुझं लुगडं पायात येऊ लागलं होतं, त्याचा दोष मी दुकानदाराला दिला, त्यानं पन्हा मोठा दिला म्हणून. तुझ्याकडे पाहायचं मला सगळ्यांत शेवटी सुचलं. दाराच्या चौकटीला तुला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यावर पट्टी धरून खूण केली.

"काय मापून राहिला गा? कफन शिवतं काय?" तू म्हणालीस.

तू आखडली होतीस, मोठी माय. पाठ वाकली होती. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. थोरल्या काकाची तू बायको, काकाही नव्हता, तुला मूल नव्हतं. एका मांडीवर तू मला घेतलंस आणि दुसऱ्या मांडीवर विड्यांचं सूप. तेव्हापासून मी तुला बसलेलीच पाहिली. उभी केल्यावर तू किती असायला हवी होतीस, हे मला माहीतच नव्हतं.

डॉक्टरसाहेबांनी तुझ्या पाठीवरून बोटं फिरवली आणि सांगितलं, हाडं विरळ होत चालली आहेत, मणके दबतात, म्हणून माणूस बुटकं होतं. तंबाखू कमी करा, दुधातून रोज एक पुडी घ्या, आणि सकाळी अर्धा तास उन्हात बसा.

तू बाहेर येऊन म्हणालीस, "चुना त मी जलमभर खाऊन राहिली तंबाखूसंगं. आता अजून काय खाऊ?" मी म्हणालो, तो चुना वेगळा. काय वेगळा, ते मलाही माहीत नव्हतं.

उन्हाचं तर मला हसूच आलं. नागपुरात उन्हात बसा म्हणून सांगायला डॉक्टर कशाला लागतो? ज्याच्याकडे द्यायला काही नसतं तो ऊन देतो, असं मी मनात म्हणालो. शिवाय तू विड्या वळायला बसायचीस त्या दारापुढच्या छपरीत ऊन यायचं तरी कुठून? त्याच्या दोन वर्षं आधीच मी उगवतीच्या अंगाला टिन ठोकलं होतं. भिजत घातलेली तेंदूची पानं कमी भरतात म्हणून कारखान्याचा माणूस तुला बोलून गेला होता, आणि माझा संशय शेजारच्या सीताबाईवर होता. तीही विड्या वळते, तिचं अंगण आपल्या छपरीला लागून. तू म्हणालीस, तिची शेळी खात असेल. मी म्हणालो, शेळी खाते की शेळीची मालकीण नेते, टिन दोघींनाही थांबवेल. मग तू आतल्या खोलीत बसून विड्या वळू लागलीस. "अंधारात पान नाई दिसत गा, टिन थोडं खाली कर," असं तू दोनदा म्हणालीस. मी टिन खाली केलं नाही. मी बल्ब लावून दिला.

पुड्यांवर मात्र मी पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवून होतो. याला कारण माझं काम. आमच्याकडे औषधांची लेबलं छापायला येतात. एका टॉनिकच्या लेबलावर 'हाडे वज्रासमान' असं मीच जुळवलं आहे. ते शब्द आमच्या मालकांनी पानठेल्यावर उभ्याउभ्या सुचवले होते. बाटलीत काय आहे ते मालकांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ज्याच्यावर लेबल आहे त्याची ही गत, मग नुसत्या कागदात बांधलेल्या पांढऱ्या पुडीवर मी कसा विश्वास ठेवायचा होता, तूच सांग.

आठवीत आमच्या मास्तरांनी चुनखडीच्या खड्यावर आम्लाचे थेंब टाकून दाखवले होते. फस्सकन फेस आला होता. शाळेतलं मला पक्कं आठवतं ते एवढंच, कारण त्याच वर्षी मी शाळा सोडली. तुझी एक पुडी मी वाटीत ओतली आणि वर लिंबू पिळलं. फेस आला. मला आनंद झाला, हे मी आज कबूल करतो. चोर सापडल्याचा आनंद.

पोळा आठ दिवसांवर होता. तसाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेब कुणाच्या घरी आजारी पाहायला गेले होते. खिडकीत नामदेव कंपाउंडर होता.

"नामदेवकाका, हे काय आहे?"

"पुडी आहे."

"पुडीत काय आहे?"

"औषध आहे. तुले काय पाह्यजे, खोवाजिलेबी?"

मी खिडकीच्या फळीवर पुडी उलगडली आणि सगळ्यांसमोर लिंबू पिळलं. फेस आला. "हा खडू आहे," मी म्हणालो.

नामदेव थंडपणे म्हणाला, "खडूच आहे ना गा. डॉक्टरसाहेब खडूच देते."

बाकावरच्या बाया खदखदून हसल्या. एक म्हणाली, "अवं, पोट्टा लिंबू-सोडा करून राहिला."

त्या माणसानं मला खरं तेच सांगितलं होतं, मोठी माय. आणि मी ते चोराचा कबुलीजबाब म्हणून ऐकलं. त्यानं नाही म्हटलं असतं तर मी कदाचित डॉक्टरसाहेबांना विचारायला थांबलो असतो. तो हो म्हणाला आणि मी घरी आलो.

उरलेल्या पुड्या मी नालीत फेकल्या आणि तुला बजावलं की यापुढे त्या दवाखान्याची एकही पुडी घरात येणार नाही. तू सुपावरून मान वर केलीस आणि म्हणालीस, "बरं बाप्पा."

इतकंच. ना वाद, ना कटकट. मी फळीवर संशय घेतला, टेपवर घेतला, शेजारणीवर घेतला, कंपाउंडरवर घेतला. तुझ्या त्या 'बरं बाप्पा'वर काहून घेतला नाही?

संक्रांतीच्या आधी तू पडलीस. सूप बाजूला ठेवून उठत होतीस. दवाखान्यात तू सगळ्यांना एकच सांगत होतीस, "आधी कट्ट झालं, मंग पडली." मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं. पडल्यामुळे हाड मोडतं हे आपण धरून चालतो, पण खुब्याचं हाड इतकं झिजलेलं असलं की आधी ते मोडतं आणि मग माणूस पडतं.

तुझ्या पायाला दोरी बांधून खाटेखाली वीट टांगली होती, हाड ताणून धरायला. वीट कोणी बदलू नये म्हणून मी तिच्यावर पेन्सिलीनं खूण केली होती आणि रोज आल्याबरोबर आधी वीट पाहत होतो, मग तुला. तू म्हणायचीस, "ईट बरी आहे, आता मले पाह्य." तेविसाव्या दिवशी छातीत कफ भरून तू गेलीस. वीट तीच होती.

आता या आठवड्याचं.

सहावं पान जुळवल्यावर मला पहिला संशय डॉक्टरसाहेबांचाच आला. आपल्या पुड्यांची बाजू सावरायला त्यांनी स्वतःच हे लिहिलं नसेल कशावरून? म्हणून मालकांच्या मुलीचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक मागून घेतलं. चुनखडीचा धडा निघाला. आम्लानं फेस येतो, हे पहिल्याच परिच्छेदात होतं, तेवढं मला येत होतं. पुढच्या पानावर होतं की खडू, चुनखडी आणि अंड्याचं कवच हा एकच पदार्थ, आणि शुद्ध करून तो औषधातही वापरतात. मी शाळा सोडली त्याच्या पुढच्या वर्षीचा धडा. नववीची पुस्तकं तर तेव्हा तू घेऊनही दिली होतीस. मी उघडली नाहीत.

प्रेस सुटल्यावर नामदेवकडे गेलो. मला पाहून तो म्हणाला, "या प्रेसवाले. लिंबू आणला काय?"

मी म्हणालो, "काका, माझं चुकलं. मी मोठ्या मायच्या पुड्या बंद केल्या."

तो बाटलीला खुराकाची कागदी पट्टी चिकटवत होता. वर न पाहताच म्हणाला, "बंद कुठं झाल्या गा? सीताबाई नेत होती ना दर सोमवारी. तू कामावर गेला का येत होती."

माझा विश्वास बसला नाही. ज्याचं माणूस गेलं त्याच्याशी लोक गोड बोलतात. मी विचारलं, "रजिस्टरमध्ये दाखवता?"

"पुडीचं काय रजिस्टर रायते गा?" आता त्यानं वर पाहिलं. "तुले कायचाच भरोसा नाई काय रे?"

घरी येऊन तुझी पत्र्याची पेटी उघडली. आठ महिने उघडली नव्हती. लुगड्यांखाली विडीच्या सुतानं बांधलेला कागदांचा एक गठ्ठा होता. चिमूटभर तंबाखू कुणाला द्यायची तर लागतात म्हणून तू कागद जपून ठेवायचीस. हे सगळे चौकोनी होते आणि पुडीच्या घड्या त्यांच्यावर तशाच होत्या.

एक उलगडला आणि माझंच काम माझ्यासमोर आलं. दवाखाना पुड्यांसाठी आमच्या प्रेसची रद्दी नेतो. ते दसऱ्याच्या भीमगीतांच्या कार्यक्रमाचं हँडबिल होतं. मीच जुळवलेलं. वरच्या किनारीत पिंपळपानं होती आणि तिसऱ्या पानाचं टोक तुटकं. तो खिळा मी त्या कामानंतर लगेच काढून टाकला होता. म्हणजे तो कागद गेल्या दसऱ्याच्याच तोंडावरचा, त्याआधी पुडीत जाणं शक्यच नव्हतं, आणि पुड्या तर मी पोळ्याच्या आधी बंद केल्या होत्या. नामदेव खोटं बोलेल, सीताबाई बोलेल, पण मोडक्या टोकाचं पिंपळपान कसं बोलेल?

तरीही मी काय केलं असेल, सांग. घडीत पांढरी भुकटी अडकली होती. तिच्यावर मी लिंबू पिळलं. फेस आला.

कागद घडी घालून खिशात ठेवला. मग सीताबाईकडे गेलो.

"काकू, तुम्ही मला एकदाही सांगितलं नाही?"

ती सुपात पानं कापत होती. "तिनंच शपथ घातली होती. म्हणे, त्याले चौकात लोकं हसले, आता घरात नको. पोट्टा मनाले लावून घेते." मग कातर थांबवून म्हणाली, "अन् मी काय सांगणार होती तुले? तू त आमच्या मधात टिन ठोकून बसला. तिकडून तोंड नाई दिसे कोनाचं."

म्हणजे तू पुड्या घेत होतीस. दुधातून, माझ्यामागे, शेवटपर्यंत. मी चोरांच्या मागे होतो आणि माझ्या घरात तू चोरून औषध घेत होतीस, माझी लाज राखायला. हे ऐकून मला हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू, एक रात्र मी शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी सातवं पान जुळवायला घेतलं.

सातव्या पानावर 'ड' जीवनसत्त्वाबद्दल आहे. कॅल्शियम कितीही पोटात गेलं तरी हे जीवनसत्त्व नसेल तर ते नीट अंगी लागत नाही, हाडापर्यंत पोचत नाही. हे जीवनसत्त्व खाण्यातून फार थोडं मिळतं. ते आपल्या कातडीत तयार होतं, अंगावर ऊन पडलं की. दिवसभर घरात बसून काम करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ते कमी पडतं, असं तिथं लिहिलं आहे. विड्या वळणाऱ्या बायकांचं नाव नाही. मला ते दिसलं.

पुडी तू माझ्यामागे आणवू शकलीस. ऊन कसं आणवणार होतीस? तीन उन्हाळे आणि तीन हिवाळे तू बल्बाखाली बसलीस. बल्बाच्या उजेडानं पान दिसतं, विडी वळता येते. हाडाला त्याचा काही उपयोग नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं मी म्हणणार होतो. पण सांगितलं होतं. डॉक्टरसाहेबांनी फुकट सांगितलं होतं, म्हणून मी ते घेतलं नाही. तूही दोनदा सांगितलंस. तिसऱ्यांदा भांडली का नाहीस माझ्याशी? एक शिवी हासडली असतीस तर मी टिन काढलं असतं. तुझ्या गुणांतला हा एक गुण मला अजून आवडत नाही.

शुक्रवारी डॉक्टरसाहेब प्रुफं तपासायला आले. मी त्यांना टिनाचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "साहेब, त्यामुळेच का?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, हाडांची झीज वीस-पंचवीस वर्षांची असते. वय, तंबाखू, बैठं काम, लहानपणापासूनचं अर्धपोटी खाणं, सगळं त्यात असतं. उन्हानं मदत झाली असती. तरी मोडलं नसतं, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहत होतो. ते माझी समजूत काढत होते की खरं सांगत होते, ते मला कळलं नाही. आता विचारायला कोणी उरलं नाही आणि ताडून पाहायला कागद नाही. ही एक गोष्ट मला अर्धवट माहितीवरच बाळगावी लागेल.

आज सकाळी टिन काढलं. खिळे गंजले होते, दोन तुटले. ऊन सरळ आत आलं आणि तुझ्या जुन्या जागेवर पडलं. तिथं जमिनीला थोडा खोलगा आहे, तू बसून बसून पडलेला. टिन खाली ठेवतो न ठेवतो तोच सीताबाईची शेळी छपरीत शिरली आणि थेट त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली जिथं तू पानांची टोपली ठेवायचीस. चार वर्षांनी जनावराला जागा आठवते, मोठी माय. मी तिला हाकललं नाही.

सीताबाई मागोमाग आली. मी म्हणालो, काकू, सूप इकडेच आणा, सकाळचं ऊन इथं चांगलं येतं. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जशी मी लोकांकडे पाहतो. "काहून गा? पानं गेली का माह्यावर नाव घेशीन." मग बसली. पाठ उन्हाकडे करून बसली. तिची पाठही वाकते आहे. तिला मी दाराच्या चौकटीला उभं करून खूण केली, तुझ्या खुणेच्या बोटभर वर. "तिले मापलं, आता मले मापून राहिला काय?" म्हणाली आणि तुझ्यासारखीच तोंडाला पदर लावून हसली.

उद्या तिला डॉक्टरसाहेबांकडे नेतो. हे टिन मी पुन्हा ठोकणार नाही. पानं कमी भरली तर भरोत. आणि मोठी माय, तुला वचन देतो, सीताबाईला पुड्या सांगितल्या तर दर सोमवारी नामदेवच्या खिडकीतून मी स्वतः आणीन आणि लिंबू न पिळता तिच्या हातावर ठेवीन.

ज्याला तू घरात कुणाला हसू दिलं नाहीस, तो तुझा,
सुखदेव